वकिलाच्या नावाने खोली

वकिलाला दोन्ही हातांनी उचलून चष्मेवाला वजनकाट्यावर चढला आणि मान वाकवून आकडा बघू लागला. मध्ये कुत्र्याचं पोट येत होतं.

"किती झालं गं?" त्याने ओरडून विचारलं.

बायको सोफ्यावरून उठली. काखेजवळच्या पट्टीवर हात धरून हळूहळू न्हाणीघराच्या दारापर्यंत आली आणि वाकून बघितलं. "चौऱ्याण्णव."

"त्यातून माझे सहासष्ट वजा. अठ्ठावीस." त्याने कुत्र्याला खाली सोडलं आणि आरशाखालच्या फळीवर ठेवलेल्या फोनला सांगितलं, "अठ्ठावीस किलो आहे."

पलीकडच्या हॉटेलवाल्याने विचार केल्यासारखं केलं. "आमच्याकडे दहा किलोपर्यंतचे चालतात."

"मग त्याला कुत्रा कशाला म्हणायचं, उशी म्हणा," चष्मेवाला म्हणाला. पण फोन बंद झाल्यावर. आयत्या वेळी सुचत नाही आणि मागाहून सुचल्याशिवाय राहत नाही, अशी त्याची जुनी खोड होती.

हा सहावा नकार. डोंगरातल्या त्या गावात हॉटेलं पायलीला पन्नास होती. जाहिरातीत प्रत्येकाने कुत्र्यांचं स्वागत लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात प्रत्येकाचं काही ना काही निघत होतं. कुणाला वजन जास्त, कुणाला केस लांब, कुणी म्हणे कुत्रा चालेल पण खोलीत नको. वकिलाला या वाटाघाटींशी काही देणंघेणं नव्हतं. तो वजनकाट्याचा वास घेत बसला होता. पिल्लू असताना तो दाराची घंटा, किटलीची शिटी, शेजाऱ्याची शिंक अशा प्रत्येक गोष्टीवर हरकत घ्यायचा, म्हणून हे नाव पडलं. आता वयाची नऊ वर्षं झाली होती, हनुवटी पांढरी झाली होती आणि वकिली बरीच मंदावली होती.

सहलीचं बायकोच्या डोक्यातून आलं होतं. ती शाळेत भूगोल शिकवायची. सव्वीस वर्षं फळ्यावर तपकिरी खडूने डोंगर काढले, पण डोंगरात मुक्काम एकदाही केला नाही. गेल्या आठवड्यात तिच्या काखेतली गाठ काढली. गाठ तपासायला पाठवली होती आणि निकालाला दहा दिवस लागणार होते. "रिपोर्ट आला की बोलू," एवढंच डॉक्टर म्हणाले. इस्पितळातून परतताना ती गाडीत म्हणाली, "सुट्टीत डोंगरात जाऊ. वकिलाला घेऊन." तिने चंद्रावर जाऊ म्हटलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

तेव्हापासून दोघं फक्त डोंगराबद्दल बोलत होती. पट्टा कोणता न्यायचा, लसीचा कागद कुठे ठेवलाय, घाटात वकिलाला मळमळलं तर काय करायचं. गाठीबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. चष्मेवाल्याला भीती वाटत होती. सकाळी दाढी करताना, दुकानात काच घासताना, रस्ता ओलांडताना ती भीती सोबतच असायची. शाळेच्या बाकापासूनची ओळख. 'अहो'सुद्धा कधी जमलं नाही तिला. हिच्याशिवायचं घर कसं असेल, हे त्याला नुसतं मनात आणणंही जमत नव्हतं.

जागा सुचवली ती दातांच्या डॉक्टरांनी. ते दुकानात चष्मा न्यायला आले तेव्हा सहलीचा विषय निघाला.

"एक घर आहे," ते म्हणाले. "गावाच्या वरच्या अंगाला. तिथे कुत्रा चालतो का, असं विचारावंच लागत नाही. तिथे पाहुणा तोच असतो." त्यांनी पावतीच्या पाठीवर नंबर लिहिला आणि कागद पुढे करताना क्षणभर तसाच धरून ठेवला. "त्या बाई विचारतील तेवढंच सांगा. वाद घालू नका."

दुपारी चारला त्याने फोन लावला. बायको स्वयंपाकघरात चहा टाकत होती. पहिल्याच घंटीला पलीकडून आवाज आला, तोही इतका स्वच्छ की बाई शेजारच्या खोलीत बसून बोलतायत असं वाटावं. त्यांच्या आवाजामागे काहीच ऐकू येत नव्हतं. एवढे कुत्रे राहतात तर एखादा तरी भुंकेल, असं चष्मेवाल्याला वाटून गेलं.

"नाव?"

त्याने आपलं नाव सांगितलं.

"तुमचं नको. त्याचं."

"वकील."

हे नाव ऐकून आजवर प्रत्येक जण हसला होता. बाई हसल्या नाहीत. कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला.

"आमच्याकडे नोंद कुत्र्याच्या नावाने होते. सोबत कोण, ते खाली लिहिते. त्याच्याकडे फोन द्या जरा."

"कुणाकडे?"

"वकिलाकडे."

काय एकेक नग असतात, असं मनात म्हणत त्याने फोन कुत्र्याच्या कानाशी धरला. बाई काहीतरी बोलल्या. दोनच वाक्यं असावीत. फोन हातभर अंतरावर असूनही त्याला एक शब्द कळला नाही. एकेकाळी प्रत्येक घंटीवर हरकत घेणारा वकील मात्र कान टवकारून उभा राहिला. मानेपासून शेपटीपर्यंत त्याच्या अंगावरून एक शहारा गेला. मग त्याने घशातून एक बारीक आवाज काढला. नऊ वर्षांत चष्मेवाल्याने तो आवाज ऐकला नव्हता. त्यानंतर वकील त्याच्याकडे न बघता त्याला वळसा घालून स्वयंपाकघरात गेला आणि बायकोच्या पायाला अंगाचा सगळा भार देऊन उभा राहिला.

"झालं," फोनमधून बाई म्हणाल्या. "वीस तारीख. वकील. सोबत एक."

"एक नाही, दोन. मी आणि माझी बायको."

पेन थांबलं. "दोन लिहू? लिहिते की. पण पलंग एकच तयार करते. ऐन वेळी दुसरा लागलाच तर टाकायला कितीसा वेळ लागतो?"

"अहो, पण आम्ही दोघं येणार आहोत."

"माणसं सांगताना चुकतात हो," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "या मंडळींचं सहसा चुकत नाही."

चहाचे कप घेऊन बायको बाहेर आली. तिच्या मागोमाग वकीलही आला.

"मिळाली?"

"मिळाली," चष्मेवाला म्हणाला. "दोघांची."

त्या दिवसापासून वकील बदलला. तसा तो चष्मेवाल्याचा कुत्रा. खायला बायको घालायची, पण जीव याच्यावर. रोज सकाळी त्याच्याबरोबर दुकानात यायचा आणि काच घासायच्या यंत्राखाली दिवसभर पडून राहायचा. गिऱ्हाईक मागे सरकलं की शेपटीवर पाय पडायचा, पण तक्रार नसायची. आता चष्मेवाल्याने पट्टा हातात घेतला तरी तो जागचा हलेना. बायको बसेल तिथे बसायचा, ती उठली की उठायचा. ती आंघोळीला गेली तर दाराबाहेर हनुवटी टेकून वाट बघायचा.

"फितूर झालास रे," चष्मेवाला म्हणाला.

"त्याला कळतंय, मला बरं नाहीये," बायको म्हणाली आणि वकिलाच्या कानामागे खाजवू लागली.

त्याने विषय बदलला. कुत्र्यांना आजाराचा वास येतो, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. माणूस जायच्या आधी कुत्रं त्याला सोडत नाही, हेही ऐकलं होतं. सोबत एक. तो आकडा त्याच्या डोक्यातून जाईना. रिकाम्या दुकानात यंत्राखालची मोकळी फरशी बघत तो बसून राहायचा, आणि बाहेरून कुणी हाक मारली की दचकायचा.

चौथ्या दिवशी त्याने दातांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. चष्म्याची काडी सैल वाटत होती म्हणाला होतात ना, बसवून देतो, असं निमित्त केलं. डॉक्टर आले. चष्मा हातात घेऊन, बारीक पेचकस स्क्रूवर टेकवून त्याने खाली मान घालूनच विचारलं, "तुम्ही गेलात तेव्हा किती जण होतात?"

डॉक्टर समोरच्या स्टुलावर बसले. प्रश्न कशासाठी आहे ते त्यांना कळलं होतं.

"आम्ही पाच सांगितले होते," ते म्हणाले. "बाईंनी चार लिहिले."

"मग?"

"चारच गेलो. वडील निघायच्या आठ दिवस आधी गेले. ठणठणीत होते. सकाळी दात घासायला म्हणून गेले ते तिथेच." "जायचं मन कुणाचंच नव्हतं. पण घरातही बसवेना. आमची कुत्री तर गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. गेलो. तिथे जेवणाच्या टेबलावर बरोबर चार ताटं मांडलेली होती."

"आणि हे सगळं माहीत असताना तुम्ही मला नंबर दिलात?" चष्मेवाल्याचा आवाज चढला.

"हो, दिला." डॉक्टर शांत होते. "तो आकडा मी हसण्यावारी नेला होता. नेला नसता तर ते आठ दिवस वडिलांशी नीट बोललो असतो. त्या आठवड्यात आमचा अबोला होता, काहीतरी फुटकळ कारणावरून. तुमच्या बायकोच्या आजाराचं कानावर आलं. म्हटलं, निदान तुम्हाला तरी आधी कळू दे."

पेचकस नको तितका फिरला. काचेच्या कोपऱ्यात केसाएवढी बारीक चीर गेली. तीस वर्षांत दुसऱ्याच्या डोळ्यांची काच त्याच्या हातून अशी गेली नव्हती. त्याने माफी मागितली नाही आणि डॉक्टरांनीही ती अपेक्षिली नाही.

त्या संध्याकाळपासून तो बायकोशी नीट बोलू लागला. म्हणजे काय, तर ती नकाशा पसरून बसली की शेजारी जाऊन बसायचा आणि ती दाखवेल ते बघायचा. तपकिरी रेषा एकमेकींच्या जवळ आल्या की तिथे चढ उभा, लांब गेल्या की सपाटी. सव्वीस वर्षं ती परक्यांच्या पोरांना हे समजावत होती आणि घरात नवऱ्याने एकदाही विचारलं नव्हतं. आता त्याला एकेक रेषा पाठ व्हायला लागली. मध्येच ती थांबून त्याच्याकडे बघायची.

"तुला काय झालंय?"

"कुठे काय? शिकतोय."

"पास करणार नाही हं मी," ती म्हणायची. मग दोघंही हसायची आणि वकील तिच्या पायावर आणखी रेलून बसायचा.

नऊ तारखेला रिपोर्ट आला. दोघं इस्पितळातल्या डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसली. डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि टेबलावर ठेवला.

"चरबीची गाठ होती," ते म्हणाले. "काही म्हणजे काही नाही. टाके सुकले की डोंगरच काय, कुठेही जा."

रस्त्यावर आल्यावर बायको आधी हसली आणि मग तशीच भर फुटपाथवर रडली. चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला. येणारी-जाणारी माणसं वळून बघत होती, तरी त्याने तिचा हात सोडला नाही. घरी पोचताच त्याने दारातच वकिलाला मिठी मारली. वकिलाने ती सभ्यपणे सहन केली, मग अंग सोडवून घेतलं आणि बायकोकडे गेला.

"हरलास," चष्मेवाला त्याला म्हणाला. "एवढी मोठी केस हरलास, लेका."

बायकोने आतल्या खोलीत जमिनीवर नकाशा पसरला आणि काहीतरी गुणगुणायला लागली. तिचं गुणगुणणं घरात किती दिवसांनी ऐकू आलं होतं! तो फोन घेऊन मागच्या गॅलरीत गेला. त्या बाईंना चार शब्द ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. मागाहून सुचणारं उत्तर या खेपेला वेळेवर तयार होतं.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"वीस तारखेची नोंद आहे, वकिलाच्या नावाने," तो म्हणाला. "आता तिथे दोन जण पक्के धरा, आणि पलंगही दोन घाला. बायकोचा रिपोर्ट आला. ठणठणीत आहे ती."

"अगबाई, फार छान झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरोखर आनंद झाल्याचं आवाजात कळत होतं. "त्यांचं चांगलं होणारच होतं. मी त्यांच्यासाठी खालची खोली ठेवलीय. तिथलं टेबल मोठं आहे. नकाशा पसरायला बरं पडेल त्यांना."

गॅलरीच्या कठड्यावर एक कबुतर बसलं होतं. चष्मेवाला त्याच्याकडे बघत राहिला. नकाशाचं त्याने कुणाजवळही काढलं नव्हतं.

"आणि मी?" त्याने विचारलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सोबत एक, एवढंच वकिलाने सांगितलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कोण, ते तुम्ही विचारलंच नाही."

तो कठड्याला टेकला. "नोंद रद्द केली तर?"

"तर खोली रिकामी राहील. दुसरं काही होत नाही."

"कधी ते..."

"आमच्याकडे फक्त येण्याच्या तारखा असतात हो," बाई म्हणाल्या. "बाकीच्या नसतात."

फोन बंद करून त्याने दोन बोटांनी मनगट चाचपून बघितलं. नाडी नेहमीसारखी चालली होती. छातीत दुखत नव्हतं, डोकं गरगरत नव्हतं, सकाळी पोटभर नाश्ता झाला होता. थोतांड आहे सगळं, तो स्वतःशी म्हणाला. पाव नंबरचा फरक पडला तर काच परत घासणारा माणूस मी, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा म्हणजे हद्द झाली. मग त्याने खिडकीतून आत बघितलं.

बायको नकाशावर पालथी पडून पेन्सिलीने वाट आखत होती. वकील तिच्या कुशीला पाठ लावून झोपला होता, अगदी गाढ, चारी पाय सोडून. ज्याची काळजी वाटते त्याच्याजवळ कुत्रं असं झोपत नाही. असं ते आपल्या माणसाजवळ झोपतं. इतके दिवस तो तिला निरोप देत नव्हता. तो तिच्याकडे राहायला गेला होता.

चष्मेवाल्याला आधी रडू आलं आणि त्या रडण्यामागून, स्वतःलाच नवल वाटावं असं, बरं वाटलं. ती राहणार होती. गेले दहा दिवस त्याने दुसरं काय मागितलं होतं? पण भीतीही होतीच. ती कुठे गेली नव्हती. फक्त आता ती त्याची एकट्याची होती. वीस तारखेला अकरा दिवस होते. आत जाऊन तिला सांगावं, असं एकदा मनात आलं. ती आतून ओरडली, "अरे, इथे एक धबधबा आहे! वकिलाला पाण्यात सोडता येईल!" आणि सांगायचं राहून गेलं.

त्याने चेहरा पुसला. कपाटाच्या खणातून कुत्र्याचं नेलकटर आणि जुना टॉवेल काढला आणि आत येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"ऊठ. नखं कापायचीत त्याची. डोंगरात चालायचंय."

"मग काप ना."

"तू कापायचीस."

"मी?" ती उठून बसली. "तुला वेड लागलंय का? माझ्या हातात नेलकटर दिसलं तरी तो पलंगाखाली जातो. तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही, ठाऊक आहे ना? तू आहेस की."

"आहे ना. म्हणूनच म्हणतोय, मी असताना शिकून घे." त्याने टॉवेल तिच्या मांडीवर पसरला. "याची नखं काळी आहेत. जिवंत भाग कुठे सुरू होतो ते बाहेरून दिसत नाही. म्हणून एकदम मोठा तुकडा घ्यायचा नाही. अगदी थोडं कापायचं आणि बघायचं. मग परत थोडं. कापलेल्या जागी मधोमध एक गडद ठिपका दिसला की थांबायचं. त्याच्या पुढे गेलीस तर रक्त येतं."

"आणि त्याने ओढून घेतला पाय?"

"तर सोडून द्यायचा. जबरदस्ती करायची नाही. वाट बघायची."

तिने संशयाने त्याच्याकडे बघितलं. काही विचारावं असं तिच्या मनात आलं असावं. पण आजचा दिवस चांगला होता आणि तिने तो तसाच राहू दिला. नेलकटर हातात घेऊन ती मांडी घालून बसली आणि अवघडून म्हणाली, "वकीलसाहेब, येता का?"

वकिलाने डोळे उघडले. नेलकटर बघितलं. मग चष्मेवाल्याकडे बघितलं, पांढरी हनुवटी जमिनीवरून न उचलता, बराच वेळ. चष्मेवाल्याने 'जा' अशी मान हलवली.

कुत्रा उठला, अंग झाडलं, दोन पावलं पुढे आला आणि उजवा पंजा आपणहून तिच्या हातात ठेवला.

"अय्या," ती कुजबुजली, जोरात बोललं तर तो पंजा काढून घेईल या धाकाने. "बघितलंस? मला देतोय."

"बघितलं," तो म्हणाला. "थोडंच काप."